बॅटरीखालचं कुंकू

माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही. लिहायला बसते, चार ओळी होतात आणि हात थांबतो. म्हणून त्याच्या आधीच्या एका दिवसाबद्दल लिहिते. त्या दिवशी आम्ही आमच्या जीपला बॅटरीचा नवा ट्रे बसवला. तो दिवस मला सगळा आठवतो. लोखंडाचा आणि रॉकेलचा हाताला लागलेला वाससुद्धा.

ट्रे म्हणजे बॉनेटच्या आत, पुढच्या चाकाच्या वर, पत्र्याचं जे उथळ तबक असतं ते. बॅटरी त्यात बसते आणि वरून एक पट्टी तिला आवळून धरते. गाडी वापरणारी माणसंही त्याच्याकडे कधी बघत नाहीत. मी तर शाळेत शिकवणारी. सुट्टीत पुस्तक घेऊन ओट्यावर बसणारी. जीपमध्ये असं काही असतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

जीप सासऱ्यांची. ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी जीप घेतली आणि बाजाराच्या दिवशी पालमला, गंगाखेडला माणसं ने-आण करू लागले. मी त्यांना मामा म्हणायची. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. लोक हसले, तर म्हणाले, "पोरांला व्याकरण शिकवती, तिला क्लच कळंना व्हय?" नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा जीपचं काम बदललं. बाजार बंद झाला. जीप आता आठवड्यातून तीनदा परभणीला दवाखान्यात जायची. तिथं मशीनवर नवऱ्याचं रक्त धुऊन निघायचं. मामा चालवायचे, नवरा शेजारी आणि मला रजा असली की मी मागे.

नवऱ्याच्या डाव्या मनगटावर शस्त्रक्रिया करून दोन रक्तवाहिन्या एकत्र जोडल्या होत्या. मशीनच्या सुया त्याच हाताला लावत. तिथं बोट ठेवलं की कातडीखाली सारखा थरथराट जाणवायचा. दवाखान्यात त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही त्याला इंजिन म्हणायचो. रोज सकाळी ते हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "बघ, चालू हाय का." मी बोट ठेवून म्हणायची, "चालू हाय." त्या हातानं जड काही उचलायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली होती. उचललं आणि ते इंजिन बंद पडलं, तर सुई लावायला दुसरी जागा सहज मिळत नाही.

त्या वर्षी नवरात्रात मामा गेले. जेवून ओट्यावर बसले होते. बसल्या जागी मान कलली.

मुलगा एकच, माझा नवरा. अग्नी त्यांनीच दिला. त्या दिवशीची दवाखान्याची पाळी चुकली. पुढच्या पाळीला गेले तर रक्तदाब इतका उतरला की मशीन अर्ध्यातच थांबवावं लागलं. घरी आले ते सुजूनच. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आडवं होता येत नव्हतं, श्वास कोंडायचा. सुतकात जमिनीवर झोपायचं असतं. ते भिंतीला टेकून चटईवर बसायचे आणि तसेच डोळे मिटायचे. पाणी घोटघोटानं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "उद्या दसरा आहे, एकच पाळी चालणार. सकाळी पहिल्या नंबरला घेऊन या. आता आणखी थांबू नका, ताई." शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. म्हणूनच मला ते नीट ऐकू आलं.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना परभणीला पोचवायचं होतं. एवढंच काम होतं. त्याच दिवशी, खंडेनवमीला, दुपारी मी जीप एकदा सुरू करून बघावी म्हणून चावी फिरवली. इंजिन घरघरलं, बॉनेटखाली काहीतरी धाडकन आदळलं, ठिणगी उडाल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. बॉनेट उघडून पाहिलं. बॅटरीच्या खालचा पत्रा कुजून फाटला होता. बॅटरी तिरकी होऊन खाली सरकली होती आणि दोन वायरींच्या आधारानं लोंबत होती.

नवरा दारात येऊन उभे राहिले. चौकटीला धरून. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "ट्रे गेला." मग तिथंच खाली बसले.

गावात एकच गॅरेज आहे. गॅरेजवाला नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्याला फोन केला.

"वैनी," तो म्हणाला. "आज खंडेनवमी हाय. पाने पुजेत बसलेत."

मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात. विळे, कुऱ्हाडी, सुताराची करवत, शिंप्याची कात्री, गॅरेजवाल्याचे पाने. धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. एकदा मांडली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एवढा तरी विसावा. त्या दिवशी अख्ख्या गावात कुठंही ठोकल्याचा, घासल्याचा आवाज येत नाही.

"मग मी काय करू?" मी म्हणाले. माझा आवाज कसा निघाला असेल कोण जाणे, कारण तो एकदम घाईनं बोलायला लागला.

"रडू नका. ऐका. तुमच्या घरी सुतक हाय. तुमी पूजा केली का? न्हाई. मंग आबाची पेटी मोकळीच हाय की! अख्ख्या गावात आज वापरायसारखी हत्यारं फक्त तुमच्या घरी हायेत. ट्रे माझ्याकडं एक पडलाय, घिऊन येतो. पण आत न्हाई यायचा. आईचे घट हायेत घरात."

नवरा मामांना आबा म्हणत, त्यांचे मित्रही आबाच म्हणत. पलंगाखाली त्यांची लोखंडी पेटी होती. मी ती ओढून बाहेर काढली. मामा गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. आत पाने, हातोडी, छन्नी, कानस, सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. फडक्याला तेलाचा वास होता. म्हणजे त्यांचाच.

तोवर मी दुसरे मार्गही शोधून पाहिले. रुग्णवाहिका जवळच्या दवाखान्यापर्यंतच नेणार होती, आणि तिथं हे मशीन नव्हतं. बस धरायची तर फाट्यापर्यंत चालावं लागतं; न्हाणीपर्यंत जातानाही त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. गावातल्या दोन गाड्या तुळजापूरला देवीला गेल्या होत्या. तिसरी शेजाऱ्यांची. ते अंगणात गाडी धूत होते. मी फाटकाबाहेर उभी राहून विचारलं. त्यांनी पाइप खाली टाकला. वाईट माणूस नाही. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"उद्या पूजा झाली की लगेच नेऊ की, वहिनी. दहाच्या आत होती पूजा."

"पहिला नंबर सकाळचा आहे."

"आता नवी गाडी... सुतकात..." पुढचं त्यांच्याच्यानं बोलवेना. मी तिथं उभी राहिले नाही. परत येताना मला त्यांचा रागही आला नाही. राग यायला अंगात थोडं बळ लागतं.

गॅरेजवाला आला तो फाटकापाशीच थांबला. नवं धोतर नेसलेला, कपाळाला कुंकू. काळ्या रंगाचा पत्र्याचा ट्रे त्यानं आमच्या भिंतीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. "कंपनीचा न्हाई, बाजारचा हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या गाडीचा हाय खरं तर. पण बसवू."

"बसवू कोण?" चटईवरून नवरा म्हणाले. मी चटई अंगणात निंबाखाली आणून टाकली होती आणि ते झाडाला टेकून बसले होते. "तू तर नवरदेवावानी नटून आलास."

"वैनी बसिवतील. आपन दोघं बसून सांगू."

"तुला सांगायला येतंय फक्त. त्याच्यामुळंच तुझं गॅरेज चालतंय."

"बोल बाबा. आज तुला बोलायची मुभा हाय." त्यानं ते हसून म्हटलं, पण नवऱ्याच्या सुजलेल्या पावलांवर नजर गेली तेव्हा त्याचं हसू ओठावरच राहिलं.

मी पदर खोचला. आधी काळी वायर सोडायची, मग लाल, असं दोघंही एकदमच ओरडले. वायरींच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. नवऱ्यानं सांगितलं तसा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला. तो फसफसला आणि बुरशी वाहून गेली. बॅटरीला दोर बांधून, दोर खांद्यावर घेऊन मी ती हळूहळू बाहेर काढली आणि जमिनीवर उतरवली. उतरवणं जमलं. खाली येणाऱ्या ओझ्याला वजनच मदत करतं.

मग मी वाकून आत पाहिलं.

जुन्या ट्रेचा तळ उरला नव्हता. कडेकडेनं गंजाचे पापुद्रे होते आणि त्या गंजात काहीतरी रुतून बसलं होतं. मी बोटानं खरवडलं. लाल लागलं. गंजाचं लाल नव्हे; दुसरं. कोपऱ्यात काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे आणि नारळाच्या करवंटीचे बारीक तुकडे.

मी ओंजळीत घेऊन नवऱ्यापुढे नेलं. त्यांनी पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. मलाही तेव्हाच कळलं, कारण मी ते दर वर्षी पाहत आले होते. दसऱ्याला जीप धुऊन झाली की मामा पुढच्या चाकापाशी नारळ फोडायचे. सगळे लोक पाणी चाकावर ओततात. मामा मात्र बॉनेट उघडायचे, बॅटरीला कुंकवाचं बोट लावायचे, अक्षता, फूल, आणि नारळातलं पाणी सगळं तिच्यावर ओतायचे. म्हणायचे, "चाकाचं काय, ते कुनी बी ढकलंल. हिचा जीव हितं हाय." पुढच्या वर्षी परत. ते पाणी बॅटरीच्या कडेनं खाली झिरपायचं आणि खालच्या पत्र्यात साचायचं. आधीच तिथं अ‍ॅसिडचा ओलावा. त्यात हे.

"आबा," नवरा म्हणाले, "लय पाजलं हो तुमी हिला." आणि ते हसायला लागले. हसता हसता श्वास अडकला, खोकला आला, ओठ निळसर झाले. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवरून हात फिरवत राहिले. गॅरेजवाला फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

त्या वेळी मला गेलेल्या माणसाचा राग आला. खरंच आला. ज्यांनी मला क्लच शिकवला, ज्यांनी मुलाला त्या रस्त्यानं इतक्या वेळा नेलं, त्यांचा. इतक्या भक्तीनं, दर दसऱ्याला, थोडा थोडा करून त्यांनी हा ट्रे खाल्ला होता, आणि तो तुटायचा तर आज तुटला. मग राग उतरला आणि जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. या एका वर्षी पूजा चुकणार होती, तीही त्यांच्याच मरणानं. एवढं सगळं एकाच अंगणात.

ती कुंकवाची माती टाकवेना. मी ती कागदात बांधून तुळशीपाशी ठेवली आणि पान्याकडे वळले.

जुन्या ट्रेचे बोल्ट निघेनात. रॉकेल सोडून थांबायचं, पाना लावायचा, जोर करायचा, परत रॉकेल. एक बोल्ट तुटला. गॅरेजवाला म्हणाला, बरं झालं, सुटला म्हना. नवा ट्रे ठेवून पाहिला तर त्याची भोकं जीपच्या पट्ट्यांवर जुळेनात. एकच भोक समोरासमोर आलं. बाकीची बोटभर इकडे-तिकडे.

"ड्रिल पाहिजे," नवरा म्हणाले.

"ड्रिलला हार घातलाय मी सकाळी," गॅरेजवाला म्हणाला. "छन्नी लावा, वैनी. पातळ पत्रा हाय. खडूनं खूण करा, दगडावर ठिवा आन् हाना."

शाळेतला खडू माझ्या पिशवीत होता. खुणा केल्या. पाट्याच्या दगडावर ट्रे पालथा टाकून छन्नीवर हातोडी मारायला लागले. त्या मुक्या गावात तो आवाज केवढा मोठा झाला! एकाच घरातून हातोडीचा आवाज, आणि तेही सुतकाच्या घरातून. माझी छन्नी घसरायची, खूण एकीकडे आणि घाव दुसरीकडे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत फाटकापर्यंत आल्या.

"आगं बाई, आजच्या दिशी हत्यार? आन् सुतकात?"

"आजी," नवरा झाडाखालून म्हणाले, "आबा सांगून गेलेत. म्हनले माझी पेटी गंजू दिऊ नका."

"त्यो सांगनारच," म्हातारी म्हणाली. "जिता हुता तवा बी हॉर्न वाजवून झोपू दिलं न्हाई." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग गॅरेजवाल्याला म्हणाली, "तू काय देवीचा गोंधळी हायेस व्हय रं, नुसता उभा? तिला धरून तरी दी."

"घट हायेत आजी, घरी."

"घट हायेत," म्हातारीनं तेच शब्द परत म्हटले आणि ती गेली. तिनं ते कोणत्या अर्थानं म्हटलं कळलं नाही, पण गॅरेजवाल्यानं फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि परत काढून घेतला.

भोकं पडली. वेडीवाकडी पडली, पण बोल्ट गेला. खाली वायसर, वर वायसर. वाकून, आतल्या अंगाला हात घालून नट धरायचा आणि बाहेरून पाना फिरवायचा. मनगट सोलवटलं. ट्रे घट्ट बसला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. आता बॅटरी वर चढवायची होती.

मी दोर खांद्यावर घेतला. उचलली. गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. परत. परत तेच. मांडीला टेकवून वर सरकवायला गेले तर दोर निसटला आणि ती जमिनीवर आपटता आपटता राहिली. बॅटरी फुटली असती तर सगळंच संपलं होतं. मी चाकाला पाठ लावून बसले. मला वाटलं, आता इथंच बसावं. उजाडूच नये. म्हणजे नंबर चुकायचाही नाही.

तेवढ्यात सावली पडली. नवरा उठून आले होते. कुणाला न सांगता, गाडीला धरत धरत. त्यांनी वाकून बॅटरीखाली दोन्ही हात घातले. दोन्ही.

"डावा काढा," मी ओरडले. "अहो, तो हात काढा!"

"तू तिकडून धर."

"तो हात काढा म्हणते ना!"

फाटक वाजलं. गॅरेजवाला आत होता. त्यानं नवऱ्याला खांद्याला धरून बाजूला केलं, जरा जोरानंच. "मूर्ख हायेस का?" तो म्हणाला. मग बॅटरीला मिठी मारल्यासारखी धरून त्यानं ती एका झटक्यात वर नेली आणि ट्रेमध्ये ठेवली. नव्या धोतरावर काळा पट्टा उमटला.

त्यानं आपले हात पाहिले आणि म्हणाला, "हत्यार उचलायचं न्हाई मनलेत. बॅटरी काय हत्यार हाय?"

"आन् तुझ्या आईला काय सांगशील?" नवरा खाली बसत म्हणाले. त्यांचा आवाज नीट येत नव्हता.

"टाक्यात पडलो मनीन. आंघोळ करूनच जाईन, कापडासगट."

मी नवऱ्याचा डावा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोट ठेवलं. माझंच बोट इतकं कापत होतं की थरथराट त्यांचा की माझा ते कळेना. मी हात जमिनीवर टेकवला, दम घेतला, परत ठेवलं. चालू होतं.

आवळायची पट्टीही गंजली होती. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बॅटरी बांधली. आधी लाल वायर, मग काळी. मी सीटवर बसले आणि चावी फिरवली.

टक्. एवढाच आवाज. परत फिरवली. टक्.

गॅरेजवाला वाकून वायरी हलवून बघत होता. त्या तर घट्ट होत्या. मी चावीवर हात ठेवून बसून राहिले. नवऱ्याला परत निंबाखाली नेऊन बसवलं होतं, ते मला बाजूच्या खिडकीतून दिसत होते. ते डोळे मिटून बसले होते आणि मला वाटलं, आता त्यांनीही सोडून दिलं. पण ते विचार करत होते.

"रंग," ते म्हणाले.

"काय?"

"आबानं काळी वायर, अर्थची, ट्रेच्याच बोल्टाला लावली हुती. जुना ट्रे उघडा, बिनरंगाचा हुता. ह्याला रंग हाय. रंगातून करंट कसा जाईल?" त्यांनी उजवा हात पुढे केला. "कानस दे. एवढं मी करतो."

मी त्यांना गाडीपर्यंत आणलं. बोल्ट सोडून दिला. त्यांनी आपल्या वडिलांची कानस घेऊन त्या बोल्टाभोवतीचा काळा रंग घासला. दोनदा घासायचं आणि थांबून श्वास घ्यायचा. परत दोनदा. मी मध्ये हात घातला नाही. गॅरेजवाल्यानंही घातला नाही. पत्रा रुपयासारखा चकाकायला लागला तेव्हा त्यांनी कानस माझ्या हातात दिली.

चावी फिरवली. जीप सुरू झाली.

मी उतरून बॉनेट लावलं. गॅरेजवाला खाली बसला आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसू लागला. नवऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

सकाळी दिवस उगवायच्या आत निघालो. त्यांना पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझं सगळं लक्ष बॉनेटखाली जायचं: सरकली का, सुटली का. गंगाखेडच्या पुढे गोदावरीचा पूल लागला. थोड्याच दिवसांपूर्वी मामांच्या अस्थी तिथंच सोडल्या होत्या. नवऱ्यानं हात जोडले. वडिलांना जोडले की नदीला, मी विचारलं नाही. पुलापलीकडे ते एकदा म्हणाले, "हळू चालव. मी हाय."

दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. चाकाच्या खुर्चीतून त्यांना आत नेलं. वजन बघून नर्सबाई म्हणाल्या, "काका, किती पाणी साठवलंत हो!" आणि मग त्या भराभर कामाला लागल्या. सुया लागल्या. नळीतून रक्त निघालं, मशीनमध्ये गेलं, परत आलं. मी भिंतीला टेकले. बऱ्याच वेळानं त्यांच्या कपाळावरची शीर जरा सैल झाली आणि त्यांनी डोळे उघडले.

"जीप बंद केलीस का?"

"नाही."

"आगं! मघापासून चालूच हाय?"

"परत सुरू नाही झाली तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "आता पोचलो की," ते म्हणाले. "जा, बंद कर."

मी बाहेर गेले. दसऱ्याची सकाळ होती. शेजारच्या गाड्यांना झेंडूचे हार होते. आमची तेवढी बिनहाराची, धुळीनं भरलेली, उभ्या उभ्या थरथरत होती. मी एक हात बॉनेटवर ठेवला आणि खिडकीतून दुसरा आत घालून चावी फिरवली. आवाज थांबला. हाताखालचा थरथराट लगेच थांबला नाही. आधी मंद झाला, मग एक शहारा आल्यासारखा झाला, मग पत्रा नुसता पत्रा राहिला. मी घाबरून परत चावी फिरवली. सुरू झाली. मग बंद केली आणि आत गेले.

तो ट्रे पुढे सरकला नाही. त्या रस्त्यानं आम्ही पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात होतो. तो अजूनही तिथंच आहे, ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेला, वाकड्या भोकांचा.

शेवटच्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर होता आणि माझं बोट मनगटावर होतं. थरथराट आधी मंद झाला. मग शहारा आल्यासारखा झाला. कुणीतरी मला उठवायला आलं. मी म्हणाले, थांबा, अजून चालू आहे. बोट मी उचललं नाही.